माझी कावीळ आणि वाडीचा पट

एकाच जून महिन्यात मला पहिलीत दोनदा घातलं. एकदा आईने, भोरमधल्या इंग्रजी शाळेत. आणि दोन आठवडे उलटायच्या आत बाबांनी, हिर्डोशीच्या वरच्या अंगाला पठारावर असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोन्हीकडे माझं नाव हजेरीपटावर होतं. एका पटावर मी हजर होते आणि दुसऱ्या पटावर मला कावीळ झालेली होती.

एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी आमच्याकडे दोन आवाज असत, कुकरच्या शिट्ट्या आणि स्टँडवरच्या कंट्रोलरचा भोंगा. त्या भोंग्यातलं काहीही कुणाला कळत नसे, फक्त बाबांना कळे. तोंडात ब्रश असताना ते थबकत, ऐकत, आणि "महाडची लागली" म्हणून चूळ भरत. बाबा त्या पठारावरच्या वाडीतल्या शाळेचे गुरुजी होते, म्हणजे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शिपाई, तिन्ही तेच. सकाळच्या गाडीने हिर्डोशीपर्यंत जायचं आणि पुढे तासभर चढायचं, असा त्यांचा रोजचा रस्ता. आई भूमी अभिलेख कचेरीत कारकून होती. जमिनीच्या नकला लिहायचं तिचं काम. तिच्या अक्षरात आपला उतारा मिळावा म्हणून लोक तिची रजा संपायची वाट बघत, असं ती स्वतः सांगायची, आणि ते खरं होतं.

इंग्रजी शाळा ही आईची कल्पना. तिच्या कचेरीतल्या सगळ्यांची मुलं तिथे जात होती आणि डबा खाताना सगळ्या जणी त्या शाळेबद्दलच बोलत. प्रवेशाआधी आईबापांची मुलाखत असायची. आईने आठवडाभर तयारी केली. बाबांना तिने इस्त्रीचा शर्ट घातला आणि बोलू नका म्हणून सांगितलं. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची वेळ आली तेव्हा तिने 'शिक्षक' लिहिण्याऐवजी सुवाच्य अक्षरात 'सरकारी नोकरी' असं लिहिलं. बाबांनी ते वाचलं आणि पेनाचं टोपण लावून तिला परत दिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?" आई म्हणाली, "मिक्स." बाबा पंख्याकडे बघत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर आमचं घर आलं. तिथे मी कधी कुणाला इंग्रजीत एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं, भोंगा सोडला तर. तो कुठल्याही भाषेत असू शकला असता.

त्या शाळेत मी जेमतेम दहा-बारा दिवस गेले असेन. गळ्यात इलॅस्टिकचा टाय, पायांत काळे बूट. डब्यात सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरं असा ठरवून दिलेला खाऊ, ज्याची यादी आईने कपाटाच्या दारावर चिकटवली होती. वर्गात मराठी बोललं की बाई फळ्यावर नाव लिहायच्या. कुणाचं नाव लिहायचं हे मात्र त्या मराठीतच विचारायच्या, कारण इंग्रजीत विचारलं तर कुणीच उत्तर देत नसे. तेवढ्या दिवसांत मी एक इंग्रजी कविता शिकले, हातवाऱ्यांसकट. तिचा अर्थ मला माहीत नव्हता, पण हात कुठे वर करायचे आणि डोळे कुठे मिचकावायचे ते चोख येत होतं. माझी मुलगी हल्ली शाळेतून येऊन असंच काहीतरी करून दाखवते आणि मी टाळ्या वाजवते. अर्थ मीही विचारत नाही.

इकडे बाबांच्या शाळेचा पट घटला होता. वाडी गुराढोरांवर आणि शेळ्यांवर जगणाऱ्यांची. त्या वर्षी दोन घरं पोरांसकट पुण्याकडे कामाला गेली आणि पट नवावर आला. पट दोन आकडी नसेल तर शाळा बंद, असं वर कुठेतरी ठरलं होतं. शाळा बंद झाली की पोरांनी खाली हिर्डोशीला चालत जायचं, आणि खाली चालत जाणारी पोरं दिवाळीनंतर शेळ्यांमागे दिसतात, हे बाबांना पाठ होतं. म्हणून ते पटासाठी घरोघर हिंडले. शेवटी उरलं ठकूबाईचं घर. ठकूबाई म्हणजे वाडीतल्या सगळ्यांत मोठ्या खिल्लाराची मालकीण, तोंडाने फटकळ. तिची नात सगुणा माझ्याच वयाची होती.

तिथे काय बोलणं झालं ते मी दोघांच्या तोंडून ऐकलंय आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नाही. बाबांनी नेहमीचं भाषण केलं. पोरीला शिकवा, साळा दारात आहे, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट. ठकूबाईने सगळं ऐकून घेतलं, चहा पुढे केला आणि म्हणाली, "गुरुजी, तुमाला एक पोरगी हाय न्हवं?"

"आहे."

"ती कुठल्या साळंत जाती?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सगळा चहा पिऊन संपवला आणि मग म्हणाले, "भोरला."

"भोरला तुमच्या सरकारचीच साळा हाय की. तितं?"

"नाही. इंग्रजी शाळेत."

"बरं," ठकूबाई म्हणाली. "म्हंजे तुमच्या पोरीला जी साळा चालत न्हाई, ती आमच्या पोरीला लई ब्येस. तुमची पोर आना हितं. तिच्या शेजारी सगुणाला बशिवते. न्हाईतर माझ्या शेरडांमागं मानूस पायजेच हाय मला."

त्या संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा आई भात उतरवत होती. आमच्याकडे आंबेमोहोर शिजला की जिन्यापर्यंत वास यायचा, आणि त्या वासात बाबा सहसा खुशीत असत. त्या दिवशी त्यांनी भात कालवला आणि तसाच ठेवला. मग सगळं सांगितलं. आईने वरणाची वाटी खाली ठेवली.

"शाळा वाचवायला तुम्हाला माझीच मुलगी सापडली?"

"आपली."

"हो का? मुलाखतीला पंख्याकडे बघत बसला होता तेव्हा माझी होती."

बाबा गप्प राहिले. त्यांचं गप्प राहणं हे आमच्या घरात सगळ्यांत मोठं हत्यार होतं आणि ते त्यांनी फार क्वचित वापरलं. ताटं उचलून झाल्यावर आईच म्हणाली, "पट मोजून वर जाईपर्यंत. एक दिवस जास्त नाही. आणि तिकडचं नाव मी काढणार नाही." मग तिने टेबलाशी बसून इंग्रजी शाळेला अर्ज लिहिला की चि. केतकी हिला कावीळ झाली असून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. कावीळच का, हे मी मोठेपणी तिला विचारलं. तिने सरळ उत्तर दिलं. ताप तीन दिवसांत उतरतो आणि गोवर अंगावर दिसावा लागतो. कावीळ महिनाभर पथ्यावर राहते आणि कुणी बघायलाही येत नाही. मला तिने बजावलं की कुणी विचारलं तर डोळे बारीक करायचे.

अशी मी वाडीच्या शाळेत गेले. पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर बाबांनी मला पाठुंगळीला घेतलं. शाळा म्हणजे एक खोली, पुढे ओटा, मागे भिंतीला टेकून शेळ्या. माझ्या पायांतले काळे बूट बघून सगुणाने विचारलं, "ह्ये घालून तुला पळता येतं?" मी नाही म्हणाले. "मग कशाला घालती?" मी बूट काढून ओट्यावर ठेवले आणि एक शेळी लगेच येऊन त्यांचा वास घेऊन गेली. सगुणा नजर टाकून सांगायची की कळपात एक शेरडू कमी आहे आणि ते कुठलं, पण पाटीवरचा एक तिला ओळखता येत नव्हता. मला पाटीवरचे आकडे वीसपर्यंत येत आणि समोरच्या चार शेळ्या मोजताना त्या हलल्या की मी चुकायची. बाबांनी आम्हा दोघींना एकाच बस्करावर बसवलं, आणि ठकूबाई तीन दिवस ओट्यावर बसून होती, गुरुजी आपल्या पोरीला जास्त शिकवतात का ते बघत.

चौथ्या दिवशी प्रवेशोत्सव ठरला. तो खरं तर शाळा उघडली त्याच दिवशी व्हायचा, पण विस्तार अधिकारी साहेबांना सगळीकडे एकाच दिवशी जाता येत नव्हतं, म्हणून आमच्याकडे पहिला दिवस चौथ्या दिवशी साजरा झाला. वरून लेखी सूचना होत्या. नवागतांचं गुलाबपुष्प देऊन स्वागत, फुगे, कागदी मुकुट, प्रभातफेरी. पठारावर गुलाब मिळत नाही. बाबांनी भोरहून दोन गुलाब ओल्या फडक्यात गुंडाळून आणले, माझ्यासाठी एक आणि सगुणासाठी एक, कारण नवागत आम्ही दोघीच. साहेब सकाळी यायचे होते ते दुपारी आले, सोबत भोरचा फोटोग्राफर. तोपर्यंत फुगे सुरकुतले होते, सगुणाचा मुकुट एका करडाने निम्मा खाल्ला होता आणि प्रभातफेरी भर दुपारी काढावी लागली. साहेबांनी शिक्षणाच्या गंगेवर अर्धा तास भाषण केलं. ऐकायला अकरा मुलं, ठकूबाई आणि दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या शेळ्या होत्या. मग त्यांनी मला जवळ घेतलं. "बाळ, काही म्हणून दाखवतेस का?"

मला जे येत होतं ते मी म्हटलं. हात वर केले, डोळे मिचकावले, गिरकी घेतली, आणि अख्खी इंग्रजी कविता एका दमात संपवली.

साहेब उभेच राहिले. "गुरुजी, किती दिवस झाले हिला शाळेत येऊन?"

"चार," बाबा म्हणाले. तेवढंच विचारलं होतं आणि तेवढंच उत्तर त्यांनी दिलं. बाबांच्या आयुष्यातलं खोटेपणाच्या सर्वांत जवळ गेलेलं ते वाक्य असावं. साहेबांनी मला कडेवर घेतलं, गुलाब माझ्या हातात धरवला आणि फोटोग्राफरला खूण केली. सगुणा बाजूला उभी होती, पण तिचा मुकुट खाल्लेला असल्यामुळे तिला फोटोतून वगळण्यात आलं.

दोन दिवसांनी तो फोटो पेपरात आला. दुर्गम धनगरवाड्यातली चिमुकली चार दिवसांत इंग्रजी बोलू लागली, असा मथळा होता. खाली साहेबांच्या मार्गदर्शनाबद्दल एक परिच्छेद आणि गुरुजींच्या परिश्रमांबद्दल एक ओळ. आईच्या कचेरीत तो पेपर टेबलाटेबलांवरून फिरला. मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावरही तो पोचला. फोटोत मी गुबगुबीत दिसत होते, तोंडभर हसत होते, आणि कावीळ झालेल्या मुलीच्या मानाने माझे डोळे फारच पांढरे होते.

पुढच्या गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. बाईंनी आईला चिठ्ठी पाठवून बोलावलं. आणि पंचायत समितीत एक निनावी अर्ज गेला की सदर गुरुजी बोगस पट दाखवतात, स्वतःच्याच मुलीचं नाव दोन शाळांत आहे. अर्ज कुणी केला ते आम्हाला कधी कळलं नाही. बोगस पट हा शब्द तेव्हा फार वाईट होता. त्यात माणसं निलंबित होत. बाबा दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की चढावर ते मला पाठुंगळीला घेत नाहीत आणि मी चालते आहे हेही त्यांच्या लक्षात येत नाही.

चौकशीला आले ते तेच साहेब. त्यांच्याकडे बघून त्या दिवशी मला वाटलं, यांनाच कावीळ झाली आहे. अर्ज खरा निघाला तर बाबा जाणार होतेच, पण पेपरातला मथळाही जाणार होता, आणि त्या मथळ्याची कात्रणं साहेबांनी पुण्यापर्यंत पाठवली होती. त्यांनी पोरांना ओट्यावर पाठवलं. मला आत ठेवलं आणि दार पुढे केलं. दाराच्या फटीत सगुणाचा एक डोळा आणि त्याच्या वर ठकूबाईचा एक डोळा दिसत होता.

"गुरुजी, सरळ लिहून द्या," साहेब हळू आवाजात म्हणाले. "मुलगी आत्याकडे इथेच राहते. भोरला कधी शाळेत गेलीच नाही. मी शेरा मारतो आणि विषय संपवतो."

"तिला इथे आत्या नाही, साहेब."

"नसू दे की. वाडीत कुणीतरी आत्या होईल."

"मी व्हते," दाराबाहेरून ठकूबाई म्हणाली.

बाबांनी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "साहेब, मुलगी भोरची आहे. इथे रोज येते, बसते, शिकते, ते खरं आहे. तिकडे तिचं नाव आहे, तेही खरं आहे. तिला कावीळ झालेली नाही. मी तेवढंच लिहून देईन." आणि त्यांनी कागद ओढून लिहायला घेतलं. साहेबांनी कपाळ पुसलं. मला रडू यायला लागलं होतं, कारण मला वाटलं की मी ती कविता म्हटली नसती तर हे काहीच झालं नसतं. अजूनही मला तसंच वाटतं, आणि ते खरंही आहे.

त्याच वेळी बाहेर पोरांचा गलका झाला आणि आई आत आली. ती त्याआधी कधीच वाडीवर आली नव्हती. कचेरीची साडी घोट्याच्या वर खोचलेली, एक चप्पल पायात आणि एक हातात, चढाने तोंड लाल. तिला दम लागला होता, म्हणून तिने काही न बोलता पर्समधून एक कागद काढून साहेबांपुढे ठेवला. तो इंग्रजी शाळेतून नाव कमी केल्याचा दाखला होता.

सकाळी त्या बाईंच्या खोलीत काय झालं ते आईने आम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. बाई बराच वेळ इंग्रजीत बोलल्या एवढं कळलं. आईला त्यातलं निम्मंच समजलं, आणि समजलेल्या निम्म्यात 'जिल्हा परिषदेच्या मास्तराची मानसिकता' असं काहीतरी होतं. आईने तिथल्या तिथे अर्ज लिहिला आणि दाखला हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. लोक नंतर म्हणायचे की तिने किती मोठ्या मनाने वाडीची शाळा निवडली. आई त्यांना दुरुस्त करते. "मी ती शाळा सोडली," ती म्हणते. "ही निवडली नाही. ह्या दोन वेगळ्या नोंदी आहेत."

साहेबांनी दाखला दोनदा वाचला, तारीख बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. बाबांनी लिहिलेला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. त्याचं पुढे काय झालं कुणास ठाऊक. मुलगी प्रत्यक्ष हजर, नाव एकाच पटावर, असा शेरा मारून आणि ठकूबाईकडचं ताक पिऊन ते उतरून गेले. पट अकराचा ठरला. ती शाळा आणखी पाच वर्षं चालली, म्हणजे मी आणि सगुणा चौथी पास होऊन बाहेर पडेपर्यंत चालली आणि नंतरचं एक वर्ष धापा टाकत काढून बंद झाली. पाचवीला मी भोरला गेले. सगुणा हिर्डोशीला चालत जायची, सातवीपर्यंत गेली, मग तिचं स्थळ आलं. कधीकधी फोन करते. तिच्या मते बाबा शेवटपर्यंत मला जास्त शिकवायचे, आणि चौथ्या वर्षापर्यंत ओट्यावर पहारा ठेवायला हवा होता.

पण त्या दुपारी हे काही ठरलेलं नव्हतं. साहेब गेले आणि खोलीत आम्ही तिघंच उरलो. बाबांनी आईकडे बघितलं. मग त्यांनी घंटा वाजवली. पोरं आत आली, सगुणा माझ्याशेजारी बसली, आणि आईला बसायला दुसरं काही नसल्यामुळे ती आमच्या मागे भिंतीला टेकून जमिनीवर बसली, पायातली चप्पल काढून आणि तुटलेली मांडीवर घेऊन. बाबा फळ्याकडे वळले. ग आणि म आदल्या आठवड्यात झाले होते. त्या दिवशी भ होता. त्यांनी भ काढला आणि म्हणाले, "म्हणा, भ."

"भ," आम्ही म्हणालो.

"अहो," मागून आई म्हणाली.

बाबा वळले.

"हा भ आहे का?"

"भच आहे."

"मला म दिसतोय. गाठ कुठंय त्याला? असा भ उताऱ्यावर गेला तर भिकू रामाची जमीन मिकू रामाची होते, आणि मग त्यांची नातवंडंसुद्धा कोर्टात बसतात." ती उठली. अनवाणीच पुढे आली, बाबांच्या हातातला खडू घेतला, त्यांचा भ पदराने पुसला आणि त्या जागी तिचा काढला. आधी वरची गाठ, मग वळण, मग काना, मग वरची रेघ, सगळं सावकाश, कुणाच्या तरी जमिनीची हद्द आखावी तसं. मग ती आमच्याकडे वळली. "असा. पाटीवर काढा सगळ्यांनी. मी बघणार आहे."

आम्ही काढला. तिने एकेकाच्या पाटीजवळ वाकून बघितला, सगुणाचा तिला पटला, माझा नाही. मला तिने तो सात वेळा काढायला लावला. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना कुणाच्या तरी वर्गात बसलेल्या मुलासारखं हसताना बघितलं.